हवाई छत्री आणि सारासार विचार

हवाई छत्रीचा इतिहास बहुधा धाडसाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी तरी प्रथम मनोऱ्यावरून उडी घेतली, कोणी तरी बलूनमधून घेतली, कोणी तरी विमानांतून घेतली, आणि अशा रीतीनें एकापेक्षां एक शूर माणसांची मालिका पुढें चालली, असें तें चित्र असतें. त्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु तें चित्र अपुरें आहे. या दोनशें वर्षांहून अधिक काळांत धाडसाची उणीव अशी कधीं भासलीच नाहीं. उणीव भासली ती सारासार विचाराची. उडी घ्यावी कीं घेऊं नये, घ्यावयाची तर केव्हां व किती उंचीवरून, आणि सर्व तयारी झाल्यावरही माघार घेण्याची वेळ कोणती, हें ठरविणारा तो विचार. कापड, दोऱ्या व पट्टे जसजसे सुधारत गेले, तसतसा धोका कापडांतून निघून माणसाच्या निर्णयांत येऊन बसला. आज ज्याला हवाई छत्रीचा खेळ म्हणतात, त्याचे बहुतेक नियम या एका अनुभवांतून घडलेले आहेत.

या यंत्राचा जन्म मात्र खेळाच्या हौसेपोटीं झालेला नाहीं. २६ डिसेंबर १७८३ रोजीं फ्रान्समधील माँपेल्ये शहरीं लुई-सेबास्तियां लनॉर्मां नांवाच्या गृहस्थानें तेथील वेधशाळेच्या मनोऱ्यावरून लांकडी सांगाड्याच्या छत्रीसह उडी घेतली आणि तो सुखरूप उतरला. 'पॅराशूट' हा शब्दही त्याचाच. पडण्यापासून राखणारें तें पॅराशूट. आग लागलेल्या घरांत वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसांस खालीं येतां यावें, हा त्याचा हेतु होता. मनोऱ्यावर चढण्यापूर्वीं त्यानें दोन छत्र्या हातीं घेऊन एका झाडावरून उडी घेऊन पाहिली होती. आधीं झाड, मग मनोरा. हा क्रम साधासुधा दिसतो, पण पुढें ज्यांनीं तो मोडला त्यांतील कित्येकांचीं नांवें केवळ त्यांच्या मृत्यूमुळें स्मरणांत राहिलीं आहेत.

यानंतर चौदा वर्षांनीं, २२ ऑक्टोबर १७९७ रोजीं, आंद्रे-झाक गार्नेरँ यानें पॅरिसमधील माँसो उद्यानांतून बलूनच्या साहाय्यानें सुमारें ३,००० फूट उंची गांठली आणि बलूनशीं बांधलेली दोरी कापून टाकली. त्याच्या रेशमी छत्रीला लांकडी सांगाडा नव्हता. हवेनेंच ती फुलावी अशी तिची रचना होती. ती फुलली खरी, परंतु खालची टोपली घड्याळाच्या लंबकासारखी जोरजोरानें झोके घेऊं लागली. पाहणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. गार्नेरँ त्यांतून वांचला आणि हे झोके कां येतात याचा विचार मागाहून सुरू झाला. छत्रीखालीं कोंडलेली हवा एकदां या कडेनें, एकदां त्या कडेनें निसटते, म्हणून छत्री डोलते. तिच्या माथ्यावर भोंक ठेवलें तर त्या हवेस वाट मिळते व डोलणें कमी होतें. पुढें छत्र्यांना असें भोंक ठेवण्याची रीत पडली. १७९९ मध्यें झान लाब्रोस हिनेंही बलूनमधून उडी घेतली आणि ही विद्या स्त्रियांच्याही हातीं आली.

या झोक्यांवर तोड काढण्याच्या नादांत पुढें एका वृद्ध गृहस्थाचा बळी गेला. १८०२ मध्यें गार्नेरँनें लंडनमध्यें उडी घेतली, ती पाहणाऱ्यांत रॉबर्ट कॉकिंग नांवाचा एक चित्रकार होता. छत्रीचा आकार उलटा केला, म्हणजे पसरट तोंड वर आणि निमुळतें टोंक खालीं ठेवलें, तर झोके बंद होतील, अशी कल्पना त्याच्या मनांत घर करून बसली. सर जॉर्ज केली या विख्यात शास्त्रज्ञाच्या लेखनानें त्या कल्पनेस बळही मिळालें. कल्पना मुळांत चुकीची नव्हती. परंतु ती प्रत्यक्षांत आणण्याची संधि येईपर्यंत पस्तीस वर्षें गेलीं. कॉकिंग ६१ वर्षांचा झाला, आणि एवढ्या अवधींत छत्रीनें उतरण्याचा अनुभव त्याला एकदांही आलेला नव्हता.

१८३७ सालीं लंडनमधील व्हॉक्सहॉल या करमणुकीच्या बागेच्या मालकांनीं त्याला ही संधि दिली. २४ जुलै ही तारीख ठरली, जाहिराती लागल्या, लोकांची गर्दी जमली. कॉकिंगच्या छत्रीचें वजन दोनशें पौंडांहून अधिक भरलें होतें, आणि हिशेब मांडतांना या वजनाचा विचारच झालेला नव्हता. चार्ल्स ग्रीन हा त्या काळचा नामांकित बलूनवाला. त्याच्या प्रचंड बलूनखालीं ती छत्री टांगलेली, छत्रीखालच्या टोपलींत कॉकिंग, आणि वर ग्रीनच्या जोडीस एडवर्ड स्पेन्सर, अशी ही स्वारी निघाली. छत्री आपल्या हातानें सोडण्यास ग्रीन तयार नव्हता. ती सोडण्याची कळ कॉकिंगच्याच हातीं देण्यांत आली होती. बेत ८,००० फुटांवर जाण्याचा होता. परंतु त्या ओझ्यामुळें बलून हळूहळू चढलें, दिवस मावळूं लागला, आणि सुमारें ५,००० फुटांवर ग्रीननें कळविलें कीं उजेड आहे तोंपर्यंत याहून वर जाणें होणार नाहीं. कॉकिंगनें कळ ओढली. क्षणभर छत्री ठीक उतरली; मग तिची वरची कड चुरडली, ती उलटली आणि मोडून पडली. कॉकिंगचा अंत झाला.

या प्रसंगीं धैर्य कोणाचें कमी पडलें? कोणाचेंच नाहीं. चित्रकाराला आपली कल्पना खरी करून दाखवावयाची होती, बागवाल्यांना तिकिटें विकावयाचीं होतीं, लोकांना तमाशा पाहावयाचा होता. ग्रीननें कळीपासून स्वतःचा हात निराळा ठेवला, पण बलून मात्र वर नेलें. तेवढ्याच वजनाची वाळूची पोतीं बांधून ती छत्री एकदां तरी वरून सोडून पाहावी, हें कोणी केलें नाहीं. ५,००० फुटांवर कॉकिंगपुढें दोनच वाटा उरल्या होत्या : कळ ओढणें, किंवा बलूनबरोबर खालीं उतरून हजारों लोकांची हेटाळणी सोसणें. दुसरी वाट त्याला अधिक कठीण वाटली असावी. छत्रीच्या इतिहासांत ही दुसरी वाट पुढें अनेकांना तितकीच कठीण वाटलेली आहे.

त्या बलूनमधील एडवर्ड स्पेन्सरच्या घराण्यांत हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्याचा नातू पर्सिव्हल स्पेन्सर १८८९ सालीं हिंदुस्थानांत आला, तेव्हां मुंबईच्या लोकांनीं आकाशांतून छत्रीनें उतरणारा माणूस पाहिला. तेथून तो कलकत्त्यास गेला. रामचंद्र चतर्जी या बंगाली कसरतपटूनें त्याच्यापाशीं ही विद्या घेतली. चतर्जींचा क्रमही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ते आधीं गुरूबरोबर बलूनमधून वर गेले, मग एकट्यानें गेले, आणि त्यानंतर १८९० मध्यें त्यांनीं छत्रीनें उडी घेतली. झाडावरून मनोऱ्यावर जाण्याचाच हा क्रम. त्याचें फळही तसेंच मिळालें.

हा क्रम मोडल्याचें सर्वांत दुःखद उदाहरण पॅरिसमध्यें घडलें. फ्रान्झ रायखेल्ट हा तेथील एक शिंपी. विमानांचे अपघात वाढूं लागले तेव्हां वैमानिकाच्या अंगरख्यांतूनच छत्री उघडावी, अशी वस्तु शिवण्याचें त्यानें मनावर घेतलें. हेतु परोपकाराचा होता. पुतळ्यांना ती वस्त्रें घालून त्यानें प्रयोग केले, पण ते समाधानकारक ठरले नाहींत. प्रयोगाची जागा पुरेशी उंच नाहीं, म्हणून अपयश येतें, असा निष्कर्ष त्यानें काढला. ४ फेब्रुवारी १९१२ रोजीं सकाळीं तो आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या सज्जावर गेला. पोलिसांनीं परवानगी दिली होती ती पुतळा टाकण्याची. तेथें पोहोंचल्यावर, उडी आपण स्वतःच घेणार, असें त्यानें जाहीर केलें. मित्रांनीं परोपरीनें समजाविलें. वृत्तपत्रांचे प्रतिनिधि व चित्रपटाचें यंत्र खालीं सज्ज होतें. सज्जाच्या कडेवर तो कितीतरी वेळ घुटमळला, आणि मग सुमारें १८७ फुटांवरून त्यानें उडी टाकली. छत्री उघडली नाहीं. तें घुटमळणें चित्रपटांत अद्याप पाहावयास मिळतें. पुतळ्यांनीं पूर्वींच दिलेलें उत्तर त्याला मान्य करावयाचें नव्हतें, एवढाच त्याचा दोष. पण तेवढा पुरेसा ठरला.

याच्या अगदीं उलट रीत सात वर्षांनीं अमेरिकेंत दिसून आली. ओहायओ राज्यांतील डेटन शहराजवळच्या मॅक्कुक विमानतळावर लष्करातर्फे छत्रीचे प्रयोग चालले होते आणि फ्लॉइड स्मिथ हा त्यांतील प्रमुख कारागीर होता. तोंपर्यंत बहुतेक छत्र्या विमानाला वा बलूनला बांधलेल्या दोरीनें आपोआप उघडत. मोकळा पडूं लागलेल्या माणसाची शुद्ध हरपते, त्याला हात हलवितां येत नाहीं, अशी पुष्कळांची समजूत होती. म्हणून छत्री उघडण्याचें काम त्याच्यावर सोंपविण्याचें धाडस कोणी करीत नसे. स्मिथ व त्याच्या सहकाऱ्यांनीं पाठीवर बांधण्याची आणि स्वतः दोरी ओढून उघडण्याची छत्री बनविली. प्रथम त्यांनीं पुतळे विमानांतून टाकून पाहिले. पुतळ्यांनीं होकार दिल्यावर २८ एप्रिल १९१९ रोजीं लेस्ली अर्विन यानें उडी घेतली. विमान स्वतः स्मिथ चालवीत होता. अर्विननें शुद्धीवर राहून दोरी ओढली, छत्री उत्तम उघडली. उतरतांना त्याचा घोटा मोडला, एवढेंच.

ती दोरी माणसाच्या हातीं आली आणि तिच्याबरोबर एक नवी जबाबदारीही आली. छत्री केव्हां उघडावी हें आतां त्यानें ठरवावयाचें होतें. आणि ठरविण्यास वेळ किती, तर थोड्या सेकंदांचा. विमानांतून बाहेर पडल्यावर पहिल्या हजार फुटांना सुमारें १० सेकंद लागतात. पुढें वेग ताशीं सुमारें १२० मैलांवर स्थिर झाला कीं प्रत्येक हजार फूट साडेपांच-सहा सेकंदांत सरतात. म्हणजे २,५०० फुटांवर पोहोंचलेल्या माणसाजवळ पंधरा सेकंदही उरलेले नसतात. त्यांत भर अशी कीं उंचावरून पाहतां जमीन जवळ येत आहे असें प्रथम वाटतच नाहीं. तें वाटूं लागतें तेव्हां उशीर झालेला असतो. २० ऑक्टोबर १९२२ रोजीं हॅरोल्ड हॅरिस या अमेरिकन वैमानिकाचें विमान हवेंतच मोडूं लागलें व त्याला उडी टाकावी लागली. दोरीची मूठ शोधतांना तो प्रथम पायाच्या पट्ट्याची कडीच पुनःपुन्हां ओढीत राहिला. अखेर मूठ हातीं लागली व जमिनीपासून थोड्याच उंचीवर छत्री उघडली. हॅरिस हा निष्णात वैमानिक होता. तरीही ऐन वेळीं हात चुकीच्या जागीं गेला. हवेंत बुद्धि नवी कामगिरी करीत नाहीं. जमिनीवर शंभरदां घोकलेली हालचाल मात्र तिथें हात आपण होऊन करतो. म्हणून आजही शिकाऊ माणसाला विमानांत बसविण्यापूर्वीं जमिनीवर पट्ट्यांत टांगून तीच तीच हालचाल पुनःपुन्हां करावयास लावतात.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत ही विद्या लोकांच्या मेळ्यांत शिरली. अमेरिकेंतील क्लेम सोन हा कापडी पंख लावून घिरट्या घेई व मग छत्री उघडून उतरे. २५ एप्रिल १९३७ रोजीं पॅरिसजवळ व्हँसेन येथें प्रचंड जनसमुदायापुढें त्याच्या छत्र्या उघडल्या नाहींत आणि तो प्राणास मुकला. फ्रान्सचा लेओ व्हालांतँ याची गोष्ट त्याहून अधिक विचार करावयास लावते. पडतांना छाती पुढें काढून, पाठ कमानीसारखी वांकवून, हातपाय पसरले म्हणजे माणूस गरगरा न फिरतां स्थिर राहतो, हें दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानेंच पद्धतशीर दाखवून दिलें. आजच्या साऱ्या खेळाचा तो पाया आहे. असा हा अभ्यासू मनुष्य पुढें पंखांच्या प्रयोगांकडे वळला, आणि २१ मे १९५६ रोजीं लिव्हरपूल येथील मेळ्यांत विमानाबाहेर पडतांना त्याचा पंख दाराला आपटला. मग छत्रीही अडकली. खेळाला सुरक्षितपणा देणाऱ्या माणसालाही मेळ्यापुढें उडी घेण्याचा मोह सुरक्षित राहूं देत नाहीं, ही त्यांतील शिकवण आहे.

मेळ्यांतून निघून या विद्येला खऱ्या अर्थानें खेळाचें रूप आलें तें शतकाच्या मध्यावर. पहिली जागतिक स्पर्धा १९५१ मध्यें युगोस्लाव्हियांतील ब्लेड येथें झाली. १९५९ मध्यें झाक-आंद्रे इस्तेल यानें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत ऑरेंज या गांवीं शिक्षणाचें केंद्र उघडलें आणि सामान्य नोकरदार व विद्यार्थी तेथें येऊन थोडक्या शिक्षणानंतर उडी घेऊं लागले. पहिल्या उड्यांना छत्री विमानाशीं बांधलेल्या दोरीनें उघडावयाची, मग हळूहळू उंची व जबाबदारी वाढवावयाची, अशी पायरी पायरीची पद्धत रूढ झाली. खेळाबरोबर नियम आले. त्यांतील एक असा कीं, ढगांतून उडी घेऊं नये. खालची जमीन डोळ्यांना दिसली पाहिजे.

हा नियम मोडल्याचें फळ २७ ऑगस्ट १९६७ रोजीं दिसलें. ओहायओ राज्यांत एका जुन्या बॉम्बफेकी विमानांतून वीस अनुभवी मंडळी उड्या घेण्यासाठीं वर गेलीं. खालीं ढगांचें छत दाट होतें. जमीन दिसत नव्हती. परंतु विमान ठरल्या जागीं आलें आहे असें जमिनीवरील नियंत्रकाकडून कळलें. नियंत्रकानें यंत्राच्या पडद्यावर दुसऱ्याच एका छोट्या विमानाचा ठिपका तें विमान समजून पाहिला होता. सुमारें २०,००० फुटांवरून अठरा जणांनीं उड्या घेतल्या. ढगांतून खालीं येतांच त्यांना दिसलें तें ईरी सरोवराचें पाणी. पाण्यावर तरंगण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. अठरापैकीं सोळा जण बुडाले. दोघांना वांचवितां आलें. दुसऱ्या फेरीसाठीं विमानांत थांबलेले दोघे मात्र जमिनीवर सुखरूप उतरले.

नियंत्रकाची चूक उघड होती व न्यायालयांत तिचा निवाडाही झाला. परंतु त्या अठरा जणांच्या छत्र्यांत कांहीं दोष नव्हता, हेंही तितकेंच खरें. त्यांच्यांत कोणी नवशिका नव्हता. पुष्कळ दिवसांनीं लाभलेलें मोठें विमान, एवढ्या उंचीची दुर्मिळ उडी, आणि दाराशीं रांगेंत उभे असलेले सोबती. अशा वेळीं एकट्यानें मागें फिरून, 'मला जमीन दिसत नाहीं, मी थांबतो,' असें म्हणणें फार जड जातें. समुदायांत प्रत्येकाला वाटतें कीं दुसऱ्यानें विचार केला असेल. व्हॉक्सहॉलच्या बागेंत गर्दी खालीं उभी होती. ईरी सरोवरावर ती विमानांतच होती, एवढाच फरक.

याच सुमारास उपकरणें झपाट्यानें सुधारूं लागलीं. १९६४ मध्यें डोमिना जाल्बर्ट यानें चौकोनी, कप्पेदार छत्री शोधून काढली. तिच्या कप्प्यांत समोरून हवा भरते व तिला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. त्यामुळें ती नुसती खालीं येत नाहीं, हव्या त्या दिशेला वळवितां येते आणि हलकेंच उतरवितां येते. १९७० नंतरच्या दशकांत बिल बूथ यानें एकांत एक गुंतविलेल्या तीन कड्यांची एक सोपी युक्ति काढली. मुख्य छत्री बिघडली तर एका हिसड्यांत ती सोडून देऊन राखीव छत्री उघडतां येऊं लागली. १९९१ मध्यें जर्मनीचा हेल्मुट क्लोट यानें 'सायप्रेस' नांवाचें छोटें यंत्र बाजारांत आणलें. माणूस सुमारें ७५० फुटांवरही भरवेगानें पडतच असला तर तें राखीव छत्री आपोआप उघडतें. बेशुद्ध झालेले, भान हरपलेले किंवा उंचीचा अंदाज चुकलेले कितीतरी लोक त्यानें वांचविले.

एवढें झाल्यावर अपघाती मृत्यु जवळजवळ थांबावेत अशी अपेक्षा होती. परंतु तसें झालें नाहीं. तीन कड्यांची युक्ति काढणाऱ्या बूथनेंच या अनुभवाचें मर्म सांगितलें आहे. साधन जितकें अधिक निर्धोक करावें, तितकी माणसें अधिक जोखीम पत्करतात आणि मृत्यूंचें प्रमाण होतें तेथेंच ठेवतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. छत्र्या भरवशाच्या झाल्या तशा त्या लहान व वेगवान होत गेल्या. जमिनीलगत छत्रीला जोराचें वळण दिलें कीं ती सूर मारते. मग जमिनीवरून सुळकन् सरकत जाऊन थाटांत उतरतां येतें. पाहणारे टाळ्या वाजवितात. पण वळण घेतांना पन्नास-शंभर फुटांचा अंदाज चुकला तर जमीन आधीं येते. पूर्वीं लोक छत्री न उघडल्यानें मरत. आतां पूर्ण उघडलेल्या, निर्दोष छत्रीखालीं मरूं लागले. सायप्रेससारख्या यंत्राला येथें कांहीं करतां येत नाहीं, कारण त्याच्या दृष्टीनें सर्व ठीक चाललेलें असतें.

अनुभवानें विचार पक्व होतो हें खरें, तसा अनुभवानें तो झोंपींही जातो. एप्रिल १९८८ मध्यें अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत एक छायाचित्रकार शिक्षक व विद्यार्थी यांच्या उडीचें चित्रण करण्यासाठीं विमानांतून बाहेर पडला. त्यानें तोंवर सुमारें ८०० उड्या घेतल्या होत्या आणि त्या दिवसाचीही ही त्याची पहिली उडी नव्हती. चित्रणाचें सर्व साहित्य त्यानें नीट बांधून घेतलें होतें. छत्री मात्र बांधावयाची राहिली होती. चित्रणाच्या कामांत मन इतकें गुंतलें कीं जी गोष्ट नवशिका कधीं विसरणार नाहीं ती आठशें उड्या घेतलेला माणूस विसरला. याचसाठीं आतां विमानांत चढण्यापूर्वीं, विमानांत, आणि दार उघडण्याच्या आधीं असें तीनदां साहित्य पाहण्याचा प्रघात आहे. त्यांतही एकदां तरी तें दुसऱ्यानें पाहावें. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाहीं, या साध्या कारणासाठीं.

तरीही हा इतिहास निराशेचा नाहीं. अमेरिकेंतील पॅराशूट संघटनेच्या नोंदींप्रमाणें १९७० च्या दशकांत त्या देशांत या खेळांत वर्षाला सरासरी ४० हून अधिक माणसें दगावत. २०२१ मध्यें सुमारें साडेपस्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसें दगावलीं. हा फरक केवळ कापडानें झालेला नाहीं. मराठींत म्हण आहे, 'पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा.' या खेळाइतकी ती म्हण मनावर घेणारा व्यवसाय क्वचित् सांपडेल. झालेल्या प्रत्येक प्राणघातक अपघाताची हकीकत त्या संघटनेच्या मासिकांत छापली जाते : उंची किती होती, छत्री कोणती होती, माणसानें काय केलें, काय करावयास हवें होतें. मृताची निंदा करण्याचा हेतु त्यांत नसतो. पुढच्या माणसाला तोच निर्णय पुन्हां हवेंत घ्यावा लागूं नये, यासाठीं तो आज जमिनीवर घेऊन ठेवावयाचा असतो.

नियमांकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो. पक्क्या अनुभवी माणसानेंही २,५०० फुटांच्या खालीं येण्यापूर्वीं छत्री उघडली पाहिजे; ही मर्यादा पूर्वीं २,००० फूट होती, ती २०१३ मध्यें वाढविली. १,००० फुटांच्या खालीं मुख्य छत्री सोडून देण्याच्या भरीस पडूं नये. शिकाऊ माणसानें ताशीं १४ मैलांहून अधिक वारा असतां उडी घेऊं नये. यांतील प्रत्येक आंकडा म्हणजे शांत चित्तानें आधींच केलेला एकेक निर्णय आहे. छत्रीला पीळ पडला, दोऱ्या गुंतल्या, तर 'आणखी एकदां सोडवून पाहूं' असें मन म्हणत राहतें आणि दर सेकंदाला उंची निघून जाते. आंकडा आधीं ठरलेला असला कीं मनाशीं वाद घालण्याचा प्रसंगच येत नाहीं.

नेमस्तपणानें वागावयाचें म्हणजे मोठें कांहीं करावयाचेंच नाहीं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं २००४ मध्यें उत्तर ध्रुवावर उडी घेतली. २०११ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्यें थायलंडमध्यें त्यांनीं नऊवारी लुगडें नेसून सुमारें १३,००० फुटांवरून उडी घेतली, तेव्हां महाराष्ट्रांत तिचें कौतुक झालें तें पोशाखासाठीं. परंतु त्या उडींतील अवघड भाग लुगडें नेसण्याचाच होता. आठ मीटरांहून लांब वस्त्र ताशीं सव्वाशें मैलांच्या वाऱ्यांत सुटलें तर हात, पट्टे वा छत्रीची मूठ यांत गुंतूं शकतें. तें सुटणार नाहीं अशा रीतीनें आधीं बसविणें, हें काम जमिनीवरचें. टाळ्या आकाशांतल्या उडीला मिळतात; तिची सिद्धता जमिनीवर होते.

कोणत्याही उडीच्या मैदानावर संध्याकाळीं एखादें दृश्य दिसतें, त्याला पूर्वीं हंसत असत. विमान वर जातें, वारा वाढतो किंवा ढग दाटून येतात, आणि कोणी एक गृहस्थ दाराजवळ जाऊन परत आपल्या जागीं येऊन बसतो. विमान उतरतें तेव्हां तोही वैमानिकाबरोबर पायउतार होतो. त्याच्या हजेरीच्या वहींत त्या उडीची नोंद होत नाहीं, वर्तमानपत्रांत त्याचें नांव येत नाहीं. कॉकिंगला जी वाट सुचली नाहीं आणि रायखेल्टला जी मित्रांनीं दाखवूनही दिसली नाहीं, ती हा मनुष्य मुकाट्यानें चालून आलेला असतो. चांगल्या शिक्षकांच्या हाताखालीं तयार झालेले लोक अशा माणसाला आतां हंसत नाहींत. त्याला वाट देतात, आणि दुसऱ्या दिवशीं हवा निवळली म्हणजे पुन्हां विमानांत बोलावतात.